टोटली एफ*ड अप : लातूरच्या फोटो स्टुडिओतून बघितलेला एक सिनेमा

सिनेमाच्या नावातच शिवी आहे. खुद्द पोस्टरवर तिच्यावर फुल्या मारलेल्या आहेत, म्हणून मीही फुल्या तशाच ठेवल्यात. दिग्दर्शक ग्रेग अराकी, साल १९९३, शहर लॉस एंजेलिस, लांबी सव्वा तासाच्या जरा वर. चार पोरं, दोन पोरी, सगळी अठराच्या आगेमागे आणि सगळी समलिंगी. घरच्यांचं आणि आपलं जमत नाही हे कळून चुकलेली ही सहा जणं एकमेकांना धरून राहतात, भटकतात, भांडतात, प्रेमात पडतात. गोष्ट म्हणाल तर एवढीच.

१९९३ म्हटलं की आमच्या जिल्ह्यात कुणालाही ३० सप्टेंबरची पहाट आठवते. मी तेव्हा लातुरात अकरावी सायन्सला होतो. किल्लारीच्या भूकंपानंतर घरात झोपायची कुणाची हिंमत होत नव्हती. मैदानात सतरंज्या टाकून आम्ही पोरं पोरं एका चादरीत झोपायचो. शेजारी झोपलेल्या मित्राबद्दल मला जे वाटायचं ते कुणापाशी बोलायचं असतं, बोलता येतं, हे मला ठाऊक नव्हतं. मुंबईत अशोक राव कवी १९९० पासून समलिंगींसाठीचं 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक काढत होते. माझ्या हातात तो अंक पडायला पुढं बरीच वर्षं जावी लागली. आणि इकडं बघतो तर त्याच सुमाराला पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला माझ्याच वयाची पोरं कॅमेऱ्यासमोर बसून हे सगळं धडाधड बोलत होती. म्हणून लिहायला बसलो. मी समीक्षक नाही. लग्नाच्या शूटिंगचा आणि पासपोर्ट फोटोचा माणूस आहे, आणि गे आहे. या दोन्ही बाजूंनी जे दिसलं ते सांगतो.

आधी धंद्याच्या बाजूनं. अराकीनं हा सिनेमा स्वतः लिहिला, कॅमेरा स्वतः धरला, एडिटिंगही स्वतःच केलं. ज्यानं एकट्यानं लग्न शूट करून रात्रभर मिक्सिंग केलंय त्याला यातली मेहनत लगेच कळते. पैसे नव्हते हे फ्रेम-फ्रेममध्ये दिसतं, आणि ते त्यानं लपवलेलं नाही. रात्रीचे बरेचसे प्रसंग पेट्रोल पंपाच्या ट्यूबलाइटवर, दुकानांच्या पाट्यांच्या उजेडावर काढलेत. मागं रिकामं पार्किंग, मोठमोठे जाहिरातीचे बोर्ड, एकही माणूस नाही. एवढं मोठं शहर आणि ही सहा जणं सोडली तर जणू कुणी राहतच नाही तिथं. परवानगी काढून, रस्ता अडवून शूटिंग करणाऱ्याला असली फ्रेम सुचली नसती. सहा जणांतल्या अँडीचं काम करणारा जेम्स ड्युव्हल हा पोरगा अराकीला एका कॉफीच्या दुकानात भेटला, त्याच्या आधी त्यानं सिनेमात काम केलेलं नव्हतं. ते बरंच झालं म्हणायचं, कारण शिकलेला नट इतका अवघडलेला बसत नाही.

सहा जणांतला स्टीव्हन सिनेमा शिकतोय. त्याच्याकडं व्हिडिओ कॅमेरा आहे आणि तो आपल्याच मित्रांवर माहितीपट करतोय. त्यामुळं सिनेमात दोन प्रकारचं चित्र आहे. बाहेरचं सगळं फिल्मवर, आणि पोरं बोलायला बसली की व्हिडिओवर. त्या काळातला व्हिडिओ मी रोज हाताळलाय. लाल रंग कडेनं पसरतो, उजेड कमी पडला की चित्रात दाणे येतात, चेहरा जरा हलला की फोकस भांबावतो. आम्ही असलं फुटेज गिऱ्हाइकाला दाखवायला घाबरायचो. इथं तेच दाणे, तोच पसरलेला रंग मुद्दाम ठेवलाय. फिल्मवरची पोरं जरा सिनेमातली वाटतात. व्हिडिओवर आली की शेजारच्या घरातली वाटायला लागतात. मला हा सिनेमा आवडण्याचं निम्मं कारण ही व्हिडिओवरची पोरं आहेत.

त्या मुलाखतींबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते खरा सिनेमा तिथं आहे. पोरगं कॅमेऱ्याच्या जवळ येऊन बसतं. सिगारेट असते. प्रेमाबद्दल बोलतं, शरीराबद्दल बोलतं, एड्सबद्दल बोलतं, आईबापाबद्दल बोलतं. अँडी म्हणतो प्रेमबिम काही नसतं. त्याचं तोंड एक सांगतं आणि डोळे दुसरंच. कुणी त्याला "असं बोलू नये" म्हणत नाही, कुणी समजूत काढत नाही, कॅमेरा नुसता चालू राहतो. वाक्य अर्धवट राहिलं तरी चालू, गप्प बसला तरी चालू. एडिटिंगला बसलेल्या माणसाचा हात अशा जागी सवयीनं कापायला जातो. अराकीनं कापलेलं नाही.

माझ्या स्टुडिओत याच वयाची लेकरं रोज येतात. लातूरच्या क्लासेसपायी अख्ख्या मराठवाड्यातून, नांदेड, परभणी, हिंगोली, बीड, धाराशिवहून आलेली, रूम करून राहणारी, मेसला जेवणारी. नीटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा, फॉर्म सुटला की रांग लागते. एक पासपोर्ट साईज, एक पोस्टकार्ड साईज चार बाय सहा, मागं पांढरं, कान दिसले पाहिजेत, चष्म्यावर चमक नको. स्टुलावर बसतात. मी म्हणतो हनुवटी वर, खांदा सरळ, हलू नको. क्लिक. पुढचा. सतरा वर्षांच्या पोराकडं आमच्या गावात कॅमेरा रोखला जातो तो एवढ्यासाठी, नाहीतर वरातीत नाचताना. लग्नाच्या शूटिंगमध्ये माईक पुढं केला तर पोरं "नांदा सौख्य भरे" म्हणून पळतात. "तुला काय वाटतं रे?" असं विचारून, गप्प बसून, टेप चालू ठेवणारा कॅमेरा त्यांच्या वाट्याला येत नाही. स्टीव्हनचा कॅमेरा बघताना मला सारखी ती स्टुलावरची लेकरं दिसत होती. मोबाईल आहे, रील आहेत, हे मान्य. पण रील करताना पोरगं गाण्यावर ओठ हलवतं, स्वतःचं बोलत नाही.

सिनेमातल्या डेरिकला रस्त्यात गाठून मारतात, गे आहे म्हणून. तो दवाखान्यात पोचतो. टॉमीच्या घरी कळतं आणि त्याला घराबाहेर काढतात. हे बघताना मनात एक तुलना सुरू झाली ती अजून थांबलेली नाही. आमच्या गंजगोलाईत, म्हणजे लातूरच्या गोल बाजारपेठेत, दोन पोरं एकमेकांच्या गळ्यात हात टाकून सोळाच्या सोळा रस्ते फिरली तरी कुणी मान वळवून बघत नाही. एका गाडीवर तिघं चिकटून बसतात, एका गादीवर झोपतात, एकाच ताटात जेवतात. पोरापोरांनी हात धरणं आमच्याकडं दोस्ती आहे. लॉस एंजेलिसच्या या पोरांना तो हात रस्त्यावर धरता येत नाही, धरला तर डेरिकसारखी गत होते. पण ती एकमेकांशी बोलतात. जे आहे ते नाव घेऊन, शिव्या घालून, हसून, रडून बोलतात. आमच्याकडं हात धरायला मोकळीक आणि बोलायला बंदी. मी स्वतः त्या मोकळीकीत वाढलोय आणि त्या बंदीतही. सिनेमा संपल्यावर वाटलं, या पोरांना आमची गंजगोलाई द्यावी आणि आमच्या पोरांना त्यांचा तो कॅमेरा.

कायद्याचं म्हणाल तर कॅलिफोर्नियात समलिंगी संबंध १९७६ पासूनच गुन्हा राहिले नव्हते. सिनेमातली पोरं जन्मली त्याच सुमाराला. तरीही डेरिक मार खातो, टॉमी बेघर होतो. आपल्याकडं सुप्रीम कोर्टानं ६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ मधून हा गुन्हा काढला. त्या दिवशी मी शटर अर्धं ओढून स्टुडिओत बसून रडलो होतो, त्या निकालाचं मोल मला कुणी सांगू नये. पण निकाल दिल्लीत लागतो आणि लेकरू राहतं उदगीरला किंवा अहमदपूरला, चुलत्यांच्या वाड्याला लागून. १९९३ चा हा सिनेमा आज मराठवाड्यात जुना वाटत नाही याचं कारण हे आहे.

एड्सचं एक सांगायला हवं, नाहीतर आजच्या पोरांना या पोरांची भीती नाटकी वाटेल. एचआयव्हीला खरोखर आटोक्यात ठेवणारी औषधांची जोडणी १९९६ च्या आसपास आली. म्हणजे हा सिनेमा निघाला तेव्हा लागण म्हणजे मरण असाच हिशोब होता. अठरा वर्षांच्या पोरानं पहिल्यांदा कुणाच्या जवळ जायचं ते ही भीती उशाला घेऊन. आमच्याकडं तेव्हा एड्स म्हणजे भिंतीवरची घोषणा आणि ट्रकवाल्यांचा रोग, एवढंच. समलिंगी माणूस त्या भिंतीवरही नव्हता.

आता जे जमलं नाही ते. सिनेमा पंधरा तुकड्यांत आहे. फिल्म सोसायटीच्या माझ्या मित्रानं सांगितलं की ही फ्रेंच दिग्दर्शक गोदारला दिलेली दाद आहे, त्याचा १९६६ चा एक सिनेमाही असाच पंधरा भागांत मांडलेला आहे. असेल. पण तुकड्यांमध्ये मोठ्या अक्षरांत पाट्या येतात आणि निम्म्या पाट्या नुसत्या ओरडतात. पहिल्या चार-पाच चालतात, नंतर नको वाटतं. गिटारचा गोंगाटही असाच, काही ठिकाणी बोलणं गिळून टाकतो.

त्याहून मोठी तक्रार मिशेल आणि पॅट्रिशियाबद्दल. या दोघी जोडीनं राहतात, त्यांना मूल हवंय आणि त्यासाठी त्या मित्रांचीच मदत मागतात. तो प्रसंग थट्टेत सुरू होतो, पण त्यांचं म्हणणं थट्टेचं नाही. आपलं घर, आपलं लेकरू, कुणाला न विचारता. सहा जणांत पुढच्या दहा वर्षांचा विचार करणाऱ्या या दोघीच. त्यांना अराकीनं फार कमी जागा दिली. मराठवाड्यातल्या मुलींचा विचार केला तर ही जागा आणखीच रिकामी भासते. पोराला निदान गोलाईत फिरता येतं. पोरीला अंधार पडायच्या आत होस्टेलला हजर व्हावं लागतं, फोन बापाकडं तपासायला द्यावा लागतो, आणि बारावी झाली की स्थळं. तिच्यासारखीच दुसरी पोरगी तिला कुठं भेटणार? मिशेल आणि पॅट्रिशियाचा वेगळा सिनेमा व्हायला पाहिजे होता.

मोठी माणसं सिनेमात जवळजवळ नाहीतच. माझा भाचा दुसऱ्या वर्षाला आहे, त्याला माझं सगळं ठाऊक आहे. तो माझ्याबरोबर बघत होता. अर्ध्यात त्यानं विचारलं, "मामा, ह्यांच्या घरचे कुठं गेलेत सगळे?" मला ही सिनेमातली उणीव वाटत नाही. पोरांच्या बाजूनं कॅमेरा लावलाय, आणि पोरांना मोठी माणसं अशीच दिसतात, बंद दाराच्या पलीकडं कुठंतरी. लातुरातल्या रूमवर राहणाऱ्या लेकराला आईबाप दिसतात ते रविवारच्या डब्यात आणि रात्रीच्या फोनवर. "जेवलास का, टेस्टला किती पडले" या दोन प्रश्नांत फोन आटोपतो. आईबाप वाईट नसतात. शेत विकून, कर्ज काढून फी भरलेली असते. त्या ओझ्याखाली लेकरू तिसरं वाक्य बोलत नाही.

पुढं शेवटाबद्दल लिहितोय. ज्यांना तो आधी कळायला नको असेल त्यांनी हा आणि पुढचा परिच्छेद सोडावा. प्रेमबिम नसतं म्हणणारा अँडी इयान नावाच्या पोराच्या प्रेमात पडतो. हे भाग फार सुंदर आहेत. जेम्स ड्युव्हलचा चेहरा तिथं हळूहळू सैल होत जातो, त्याचं हसू आधी ओठांच्या एका कोपऱ्यात येतं आणि मग सगळ्या तोंडावर पसरतं. मी ती जागा मागं नेऊन परत बघितली. पुढं इयान त्याला फसवतो, आणि अँडी जीव देतो.

सिनेमाची सुरुवातच समलिंगी मुलांच्या आत्महत्यांबद्दलच्या वर्तमानपत्राच्या कात्रणानं होते, म्हणजे अराकीनं पहिल्या मिनिटाला सांगून ठेवलंय कुठं जायचंय ते. त्याचा राग मला समजतो. पण तो शेवट मला पटलेला नाही. पाच मित्र असलेला पोरगा आहे हा. सव्वा तास सिनेमा आपल्याला दाखवत राहतो की ही पोरं एकमेकांचं घर झालीत, आणि ऐन वेळी ते घर कुणाच्या कामाला येत नाही असं म्हणून मोकळा होतो. मी आज पन्नाशीला आलोय, माझ्यासारखे आणखी आहेत, नांदेडला आहेत, परभणीला आहेत, दुकानं चालवतात, शाळेत शिकवतात, म्हाताऱ्या आईला दवाखान्यात नेतात. जगून पुढं गेलेल्याची गोष्टही तेवढीच खरी असते. आमच्या गावातही लेकरू गेल्याची बातमी येते तेव्हा अभ्यासाचा ताण एवढं एकच कारण छापलं जातं. ते खरंही असेल. पण कुणा लेकराच्या मनात आणखी काही असलं तर ते विचारणारं कुणी नव्हतं हे नक्की. म्हणून हे वाचणाऱ्या कुणाही लेकरासाठी इथंच लिहून ठेवतो : टेलिमानसचा नंबर १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येतं. मनातलं बोलायला लागतो तो धीर नसला तर नुसता फोन लावा, समोरचा माणूस थांबतो.

'साबर बोंडं' बघितलेले लोक मला विचारतील की हा कशाला बघायचा. रोहन परशुराम कानवडेंचा तो सिनेमा मी पहिल्या आठवड्यातच बघितला. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक सिनेमाच्या विभागात ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं तेव्हा मी पेढे वाटले होते, कशाचे ते गिऱ्हाइकांना सांगितलं. त्यातला आनंद मुंबईहून वडिलांच्या दहा दिवसांसाठी गावी येतो आणि बाळ्या त्याला परत भेटतो. त्यात आई आहे, शेत आहे, सुतक आहे, आपली भाषा आहे, आणि फार मोठी माया आहे. ज्यांनी या विषयावरचं काहीच बघितलेलं नाही त्यांनी तिथूनच सुरुवात करावी, आईबापांनी तर नक्कीच. पण आनंद आणि बाळ्या तिशीतले आहेत. त्यांनी अठरावं वर्ष पार केलेलं आहे. ते अठरावं वर्ष कसं असतं, किती चीड, किती उतावीळपणा, किती भंकस आणि किती भीती एकाच दिवसात असते, ते अराकीनं पकडलंय. साबर बोंडं शांत आहे, हा आरडाओरडा करतो. सतरा-अठराचं पोरगं शांत नसतं.

सज्ञान झालेल्यांनीच बघावा, शिव्या आणि शरीराचं बोलणं भरपूर आहे. अराकीच्या तीन सिनेमांच्या मालिकेतला हा पहिला. 'द डूम जनरेशन' १९९५ चा आणि 'नोव्हेअर' १९९७ चा. सिनेमांच्या डिस्क काढणाऱ्या क्रायटेरियन कंपनीनं २०२४ मध्ये तिन्ही एकत्र काढलेत, माझ्या मित्रानं तोच संच आणला होता, प्लेअरसकट. पुढच्या दोन्हींत रंग जास्त, पैसा जास्त, रक्तपात जास्त. मला त्यांतली माणसं दूरची वाटली. मी ठेवून घेतला असता तर हाच एक. इंग्रजी सबटायटल चालू ठेवा, पोरं भरभर आणि गल्लीतलं बोलतात. मोबाईलवर बघू नका, व्हिडिओचे दाणे मोठ्या पडद्यावरच कळतात. आणि पार्टीत, चार जणांच्या बैठकीत तर लावूच नका. डेरिक दवाखान्यात पडलेला असताना कुणी फिदीफिदी हसलं तर तुम्हाला सिनेमा तिथंच बंद करावा लागेल.